ट्रॉली पासिंग: कागद, सात दिवस आणि सात पिनांचं सॉकेट

गळीत हंगाम तोंडावर आला की माझ्या दुकानासमोर नव्या ट्रॉल्या उभ्या राहतात. कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार करायचा तर आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला मागतात आणि आरसीसाठी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी लागते. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. माझं काम दिव्यांपुरतं. पण आरटीओच्या मैदानावरून परत पाठवलेला माणूस सगळ्यात आधी माझ्याकडे येतो आणि हातातली फाइल काउंटरवर आपटतो. बघता बघता मला कागदही वाचायची सवय लागली.

पहिला गोंधळ नावाचा. आपण ट्रॉली म्हणतो, अर्जात ट्रेलर असतं. "ट्रॅक्टरची आरसी आहे की, ट्रॉलीला वेगळी कशाला?" हे दर हंगामात दहा जण तरी विचारतात. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि कलम 61 म्हणतं की नोंदणीचे नियम ट्रेलरलाही तसेच लागू. म्हणजे ट्रॉलीला स्वतःचा चेसिस नंबर, स्वतःची आरसी, स्वतःचा नंबर. ट्रॅक्टरच्या कागदावर ती चालत नाही.

दुसरा प्रश्न शेतीची की भाड्याची. स्वतःच्या रानातला माल वाहायला घेतलेली ट्रॉली कृषी ट्रेलर म्हणून नोंदवतात. ती बिगर-वाहतूक वर्गात येते आणि नोंदणी 15 वर्षं चालते. पैसे घेऊन दुसऱ्याचा माल वाहणार असाल तर व्यावसायिक ट्रेलर. त्याला फिटनेसचा, म्हणजे गाडी चालवण्याजोगी असल्याचा दाखला लागतो, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा आणि नंतर दर वर्षी. खर्च वाचतो म्हणून शेतीची नोंदवायची आणि वीटभट्टीवर लावायची, हा उद्योग अंगाशी येतो तो अपघात झाल्यावर. विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की ट्रॉलीत काय होतं आणि कुणाचं होतं.

कागदांपैकी सोपे एका दमात सांगतो. फॉर्म 20 म्हणजे अर्ज, फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म 60, कर्ज असेल तर बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 34, चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा, फी आणि कर. यात कुणी अडत नाही. अडतात ते पुढच्या दोन कागदांवर.

जो कागद कुणाकडेच नसतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 47 वाचा. ट्रेलरच्या अर्जाला त्याच्या आराखड्याला मिळालेल्या मंजुरीची प्रत जोडावी लागते. ही मंजुरी परिवहन आयुक्त किंवा तसा अधिकार असलेल्या यंत्रणेने दिलेली हवी. सोबत बनवणाऱ्याचा रस्त्यायोग्यतेचा दाखला, फॉर्म 22. आता आपल्याकडे ट्रॉली बनते कुठे? रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. चॅनेल, पत्रा, जुना अ‍ॅक्सल, चांगला कारागीर आणि हातात मिळतं साधं बिल. कधी तर पाटीवरच्या नावाची पावतीसुद्धा नाही. ट्रॉली कितीही दणकट असो, मंजुरी नसलेल्या शेडवाल्याला फॉर्म 22 देता येत नाही आणि मंजुरी मागाहून आणून जोडता येत नाही.

म्हणून विसार देण्याआधी मंजुरीचं पत्र बघायला मागा. पत्र आहे म्हणाला तर त्यावरची मापं बघा. लांबी, रुंदी, रिकामं वजन, भरलेलं वजन, अ‍ॅक्सल एक की दोन. मंजुरी एका मापाला आणि उसासाठी वाढवून घेतलेले कठडे दुसऱ्या मापाचे, असं असेल तर निरीक्षक टेप लावतो तेव्हा फाइल तिथेच मिटते. मागच्या वर्षी एका तरुण शेतकऱ्याने कठडे दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर काढून घेतले होते. शेडवाल्याने "चालतंय की" म्हणून सांगितलं. गॅस कटरने कापून परत जोडेपर्यंत त्याच्या ऊसतोड टोळीने दुसरी गाडी धरली.

इथे शासनालाही दोन शब्द सुनावायला हवेत. नियम स्पष्ट आहे, पण तो शेतकऱ्याला कळतो तो खिडकीवर, पैसे देऊन झाल्यावर. मंजुरी असलेल्या बनवणाऱ्यांची यादी आरटीओच्या दारावर मराठीत लावली तर निम्म्या फेऱ्या वाचतील. लावलेली असते ती दंडाच्या रकमांची पाटी.

दुसरा कागद विम्याचा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही. पॉलिसीवर ट्रॉलीचा वेगळा उल्लेख हवा, तिचा हप्ता वेगळा भरलेला हवा. एजंट फोनवर "झालं सगळं" म्हणतो. कागद हातात घेऊन 'ट्रेलर' हा शब्द आणि चेसिस नंबर बोट ठेवून वाचा. एक आकडा चुकला तरी परत पाठवतात.

सात दिवसांची मुदतही लोक चुकीची मोजतात. नियम 47 प्रमाणे ट्रॉली ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा, वाटेतला प्रवास सोडून. कुणी बिलाच्या तारखेपासून मोजून घाबरतं, कुणी दसऱ्याला आणलेली ट्रॉली दिवाळीनंतर नेतं. उशीर झाला म्हणून अर्ज बाद होत नाही, जादा रक्कम भरावी लागते, कलम 41 मध्ये तशी सोय आहे. तेव्हा उशिराच्या भीतीने तारीख खाडाखोड करून आणू नका. खाडाखोडीचा फॉर्म 21 मात्र नक्की बाद होतो.

सॉकेट कुठे बसवायचं

आता माझा प्रांत. कागद पुरे झाले की निरीक्षक ट्रॉलीच्या मागे उभा राहतो आणि म्हणतो, "ब्रेक दाबा. डावा इंडिकेटर. उजवा. टेल." या चार शब्दांत बऱ्याच ट्रॉल्या गार होतात. "आम्ही दिवसाच चालवतो" हे उत्तर चालत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे, असं नियम 105 सांगतो आणि ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचायला रात्र होतेच.

दिवे ट्रॉलीवर असतात, पण वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीतून येते. त्या दोघांना जोडणारं सात पिनांचं सॉकेट ट्रॅक्टरच्या मागे असतं. बऱ्याच ट्रॅक्टरना ते कंपनीतूनच येतं आणि पहिल्याच नांगरटीत तुटतं, कारण ते वाटेत असतं. नवीन बसवताना जागा अशी बघा. हूकच्या वर, पण मधोमध नको. मधे पीटीओचा, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणारा शाफ्ट फिरतो, त्याने केबल ओढली की सॉकेटसकट उपटून नेतो. अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या हातांच्या रेषेतही नको. हात वर घेतले की केबल चिमटते आणि आतली तार तुटते, बाहेरून मात्र काही कळत नाही. मडगार्डच्या आतल्या कडेला, मागच्या दिव्याच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली, जाड पट्टीवर दोन बोल्टने बसवलं की चिखल कमी उडतो आणि वाकून प्लग लावावा लागत नाही. झाकणाची बिजागरी वर ठेवा म्हणजे झाकण आपोआप पडून बंद होतं. वायर खालून आत न्या, पाणी आत जायचं नाही.

केबल ट्रॉलीच्या दांडीवर क्लिपांनी बांधत आणा आणि हूकपाशी एक सैल वळण सोडा. किती सैल? रिकाम्या रानात ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा केबल ताणली गेली नाही आणि जमिनीला टेकलीही नाही, म्हणजे माप बरोबर. डबल ट्रॉली, म्हणजे एकामागे एक दोन जोडलेल्या असतील तर पहिलीच्या मागेही सॉकेट हवं. दुसरीला वेगळी वायर फेकून देणारे बहाद्दर आहेत, ती पहिल्या वळणावर चाकाखाली जाते.

पिनांचा क्रम सॉकेटवरच कोरलेला असतो. 12 व्होल्टच्या नेहमीच्या मांडणीत 1 डावा इंडिकेटर, 3 अर्थ (करंट परत जायची वायर), 4 उजवा इंडिकेटर, 5 उजवा टेल (मागचा लाल दिवा), 6 ब्रेक, 7 डावा टेल. 2 नंबर बहुतेक रिकामाच राहतो. वायरच्या रंगावर जाऊ नका, बाजारातल्या केबलचे रंग कुणाच्या बापाला कळत नाहीत. ट्रॅक्टरच्या बाजूला टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक पिन खात्री करून घ्या. आणि भंगारातून ट्रकचं सॉकेट आणू नका. ते 24 व्होल्टच्या मांडणीचं असतं आणि त्यात 1 नंबरला अर्थ येतो.

सगळ्यात जास्त फजिती या अर्थनेच होते. पुष्कळ जण तीन नंबरची वायर लावतच नाहीत, हूकच्या लोखंडातून अर्थ मिळतो म्हणतात. मिळतो, हूक घट्ट आणि कोरडा असेपर्यंत. गेल्या हंगामात एक काका सकाळी नऊला नव्या कोऱ्या ट्रॉलीसकट आले. मैदानावर ब्रेक दाबला की ब्रेक लाइटऐवजी दोन्ही इंडिकेटर मिणमिणत होते. निरीक्षकाने परत पाठवलं होतं. दोष नेमका हाच. अर्थ तुटला की करंट दुसऱ्या बल्बांतून वाट काढतो. प्लग उघडला, तर अर्थची वायर होती. पण तिचं दुसरं टोक ट्रॉलीच्या बॉडीला बोल्टने आवळलेलं, आणि बोल्टखाली ताज्या निळ्या रंगाचा जाड थर. रंगातून वीज जात नाही. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, बोल्ट परत आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. काकांचा मात्र दिवस गेला, तारीख परत घ्यावी लागली.

नंबर आणि टेप

कलम 61 मधली एक ओळ फार कमी लोकांना माहीत असते. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला येतो. मागे मात्र ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर हवा, आणि डबल असेल तर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे. लोक नेमकं उलटं करतात, ट्रॉलीचा नंबर मागे ऑइलपेंटने मोठा लिहितात. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर जोडला तर मागे शेजाऱ्याचा नंबर हवा, म्हणून मी दोन हुकांना अडकवायची, काढता येणारी पाटी करून देतो. तिच्यावर पांढरा दिवा पडला पाहिजे, हे विसरू नका.

परावर्तक टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. जत्रेतली चमकी चालत नाही. मंजुरीची खूण टेपवरच छापलेली असते, आणि पावती फाइलला लावा. मागचे दोन लाल रिफ्लेक्टर टेपशिवाय वेगळे लागतात, टेप आहे म्हणून ते काढून टाकू नका.

15 वर्षं झालेल्या कृषी ट्रॉलीचं नूतनीकरण फॉर्म 25 वर होतं. अर्ज मुदत संपण्याच्या आधी, पण 60 दिवसांहून आधी नाही. "लवकर करून टाकू" म्हणून चार महिने आधी गेलेल्या एकाला हात हलवत परत यावं लागलं, त्याला ते अजून पटलेलं नाही.

मैदानावर जाताना तोच ट्रॅक्टर न्या ज्यावर वायरिंग तपासलंय. खिशात 21/5 वॅटचा एक बल्ब, एक फ्यूज आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. आणि रांगेत उभं असतानाच एकदा कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा.