पोर्टल उघडत नाही? अर्जाआधी ब्राउझरची पात्रता तपासा

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधार, रेशनकार्ड, फोटो सगळं जमवलेलं असतं आणि लॉगिनचं पानच उघडत नाही. ‘सर्व्हर डाउन असेल’ म्हणून लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. तेच पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. तिथे उघडलं, तर दोष बहुधा आपल्याच संगणकात आहे.

आधी संगणकाची तारीख बघा, सालासकट. सुरक्षित साइटकडे तिची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडतो. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येतो. नुसती तारीख दुरुस्त केली तर पुन्हा वीज गेल्यावर तेच. प्लग काढून सेलच बदला.

तारीख बरोबर असेल तर ब्राउझरमध्ये टीएलएस १.२ आहे का बघा. टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली माहिती गुप्त ठेवणारी पद्धत. १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मोठ्या ब्राउझरनी २०२० मध्येच सोडल्या. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ८ हा १.० च्या पुढे जात नाही. त्यात सेटिंग शोधत बसू नका, संगणक बदला. विंडोज ७ वर क्रोम १०९ ला थांबतो, फायरफॉक्स ११५ ईएसआरला (ईएसआर म्हणजे जास्त काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती). दोन्हींत टीएलएस १.२ आहे, त्यामुळे अर्जापुरतं काम भागतं.

काही सरकारी पानांवर ‘१२८ बिट एन्क्रिप्शन, इंटरनेट एक्सप्लोरर आवश्यक’ अशी सूचना अजून दिसते. एन्क्रिप्शन म्हणजे माहिती सांकेतिक करणं; बिट जितके जास्त, तितकी ती फोडणं अवघड. ती वाचून लोक चांगला क्रोम सोडून एक्सप्लोरर शोधत फिरतात, आणि याचा दोष अर्जदाराचा नाही. ही ओळ कधीच काढायला हवी होती. अमेरिकेचे निर्यातीचे नियम २००० साली सैल होईपर्यंत बाहेर ४० किंवा ५६ बिटांचे ब्राउझर मिळत, म्हणून तेव्हा तिला अर्थ होता. आजच्या कुठल्याही अद्ययावत ब्राउझरमध्ये १२८ बिट असतातच. विंडोज १० वरच्या एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं.

इशारा आला की घाईत ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन ‘प्रोसीड’ दाबू नका, विशेषतः आधार क्रमांक भरायचा असेल तेव्हा. आणि कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, बनावट साइटलाही ते मिळतं. पत्त्यातल्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ आहे का ते वाचा. ही अक्षरं पत्त्यात दुसरीकडे कुठे असली, तर ती साइट सरकारी धरू नका.