संहितेआधीचं नाटक

ठाण्यातल्या एखाद्या वस्तीत संध्याकाळी मुलांची तालीम बघायला बसलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते: कुणाच्याच हातात कागद नसतो. पाण्याच्या रांगेतलं भांडण एक मुलगी करून दाखवते. दुसरी तिला थांबवते, ‘असं नाही गं, माझी आई अशी बोलते,’ आणि प्रवेश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नाट्यशिक्षणात याला ‘डिव्हाइज्ड’ नाटक म्हणतात. एखादी बातमी, फोटो, वस्तू किंवा घडलेला प्रसंग घ्यायचा, गटाने त्यावर खेळत राहायचं आणि खेळता खेळता नाटक बांधायचं. शब्द परका असल्यामुळे रीतही बाहेरूनच आली, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही.

तमाशातला जुना वग घ्या. गण, गवळण, लावण्या रचलेल्या असत, कथानक ठरलेलं असे, पण संवाद फडावर उभ्या उभ्या घडत. सोंगाड्याला गावातली ताजी भानगड कळली की रात्री ती वगात आलीच. सत्यशोधक जलशांनी हा साचा तसाच उचलला आणि त्यात सावकारी, भटशाही, अडाणीपणा हे विषय घातले. त्यांच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं होतं. कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि मध्येच तोंड घालून प्रेक्षकांना खरं काय ते सांगणारा विदूषक त्यात आहेत. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. पुढे आंबेडकरी जलसे आले, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात उभं राहिलं. विषय कामगारांच्या घरातला, बोली त्यांच्याच तोंडची.

फुल्यांचा तो विदूषक मला बोआलकडे घेऊन जातो. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल १९७३ साली पेरूमध्ये साक्षरतेच्या मोहिमेवर होते. तेव्हा त्यांची पद्धत अशी होती: प्रसंग अडचणीच्या जागी थांबवायचा, पुढे काय करावं ते प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी ते करून दाखवायचं. एका प्रयोगात नवऱ्याने फसवलेल्या बाईची गोष्ट होती. प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली, तिने नवऱ्याशी स्पष्ट बोलावं. नटीने बोलून दाखवलं. बाईला पटेना. पुन्हा, जास्त चढ्या आवाजात. तरी नाही. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या. ती रंगमंचावर चढली, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला झोडपून काढलं. तिच्या लेखी ‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे हे होतं, आणि नटांना ते कधीच सुचलं नसतं. यातूनच पुढे फोरम थिएटर घडलं, म्हणजे प्रेक्षकाने स्वतः रंगमंचावर येऊन प्रसंग बदलायचा असं नाटक. त्यात प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये उभा राहून दोघांनाही प्रश्न विचारणारा एक ‘जोकर’ असतो. सोंगाड्या पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे त्याच दशकात, १९७३ साली, दिल्लीत जन नाट्य मंच हा पथनाट्यं करणारा गट सुरू झाला. त्यांच्या १९७८ च्या ‘मशीन’ या पथनाट्याची ठिणगी केवढीशी होती पाहा: गाझियाबादजवळच्या एका कारखान्यातल्या कामगारांना सायकली लावायला जागा आणि चहासाठी कँटीन हवं होतं. मागणी एवढीच. उत्तर गोळीबाराचं आलं, कामगार मेले. ‘भांडवलशाही’ हा विषय घेऊन बसले असते तर व्याख्यान झालं असतं. त्यांनी सायकल आणि चहा धरला, नटांनी आपल्या शरीरांचं यंत्र केलं आणि सुमारे तेरा मिनिटांचा खेळ तयार झाला. मंचाचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

महाराष्ट्रात १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं. लेखन ज्योती म्हापसेकरांचं, पण ते वस्त्यांतून आणि गावांतून फिरलं ते संघटनेच्या बायकांच्या अंगावर. नंतर पथनाट्याला महाविद्यालयांत जागा मिळाली आणि घोषणांची सवयही लागली. स्पर्धेतल्या पथनाट्यात विषय कोणताही असो, शेवटी गोल करून ओरडायचंच. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच ठाण्यातला ‘वंचितांचा रंगमंच’ मला महत्त्वाचा वाटतो. समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने रत्नाकर मतकरींनी तो २०१४ मध्ये सुरू केला. १९६२ पासून मुलांसाठी नाटकं लिहिणारा, बसवणारा हा लेखक इथे एक पाऊल मागे सरला: गोष्ट वस्तीतल्या मुलांनी आणायची, त्यांनीच रचायची, त्यांनीच करायची. मोठ्यांनी सुचवायचं तेवढं. एवढा लिहिता हात आवरता घेणं सोपं नसतं.

एक अडचण मात्र जुनीच आहे. आपल्याकडे प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, संहिता द्यावी लागते, आणि स्पर्धाही तेच प्रमाणपत्र मागतात. ही सगळी व्यवस्था नाटक आधी लिहिलं जातं असं धरून चालते. मग तालमीत जमलेलं कुणीतरी रात्री बसून उतरवून काढतं. कागदावर उतरलं की मुलं ते पाठ करू लागतात, आणि काल जिवंत असलेलं वाक्य आज पाठांतर होतं.

खाडीपलीकडे नवी मुंबईत तर अशा नाटकाचं बीज जागोजाग पडलेलं आहे. १९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क त्यातूनच पुढे आला. आज नेरूळ-घणसोलीत शिकणाऱ्या मुलांना ‘विस्थापन’ हा शब्द फळ्यावर लिहून दिला तर ती निबंध लिहितील. त्याऐवजी गटाच्या मधोमध एक जुना सातबारा ठेवावा आणि एवढंच विचारावं: हा तुमच्या घरात कुणी, कुठे जपून ठेवलाय?