मॅमोग्राफी केंद्राला प्रमाणपत्र कोणी द्यायचे? अमेरिकेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत मॅमोग्राफी केंद्राचे, म्हणजे स्तनांचे एक्स-रे (मॅमोग्राम) काढणाऱ्या केंद्राचे, प्रमाणपत्र रुग्णाला सहज दिसेल अशा जागी लावावे लागते. बहुतेक राज्यांत ते संघीय यंत्रणेचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे (FDA), असते. आयोवा, इलिनॉय, साउथ कॅरोलायना आणि टेक्सास या चार राज्यांत मात्र ते राज्य सरकारच देते, आणि राज्याने ते द्यावे का यावरच वाद झाला. ही चार राज्ये वेगळी कशी पडली, हे कळायला फार मागे जावे लागत नाही. 1985 पासून सुरुवात केली तरी पुरते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. 1960 च्या दशकात स्तनांचे एक्स-रे काढण्याची भरवशाची पद्धत बसली. 1963 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिली मोठी चाचणी सुरू झाली. 1973 पासून देशभरातल्या 29 केंद्रांत सुमारे 2 लाख 80 हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि ती चालू असतानाच किरणोत्सर्गाच्या मात्रेवरून गदारोळ उठला. त्या गदारोळात सगळ्यांचे लक्ष मात्रेवर खिळले. चित्र वाचण्याजोगे येते की नाही, हा प्रश्न मागे राहिला. मात्रा घटवता घटवता चित्र इतके पुसट होऊ शकते की त्यात गाठच दिसत नाही, आणि मग ती थोडी मात्रासुद्धा वायाच जाते.

1985 मध्ये एक्स-रे यंत्रांची राष्ट्रव्यापी पाहणी झाली, तेव्हा साधारण एक तृतीयांश केंद्रांतल्या चित्रांचा दर्जा असायला हवा त्यापेक्षा कमी निघाला. कारणे अगदी साधी होती. कुठे छातीचे फोटो काढायच्या यंत्रावरच मॅमोग्राम काढला जाई, कुठे फिल्म धुण्याच्या रसायनाचे तापमान कोणी बघत नसे, तर कुठे तंत्रज्ञाला स्तन दाबून नीट कसा बसवायचा हे कोणी शिकवलेलेच नसे. अशा केंद्रातून ‘काही नाही’ असा अहवाल घेऊन निर्धास्त घरी गेलेल्या स्त्रिया किती असतील, याची कल्पनाही अस्वस्थ करते. पुढचा कायदा झाला तो या अस्वस्थतेतून.

1987 मध्ये रेडिओलॉजिस्टांच्या व्यावसायिक संघटनेने स्वेच्छेने घ्यायची मान्यता सुरू केली. केंद्राने आपल्याकडची खरी चित्रे पाठवायची, फँटमचे (स्तनाच्या जागी ठेवायच्या चाचणी-ठोकळ्याचे) चित्र पाठवायचे, मात्रा मोजून द्यायची आणि तज्ज्ञांनी ते सगळे पारखायचे. योजना उत्तम होती, पण जे केंद्र अर्जच करत नसे त्याला कोणी हात लावू शकत नसे. दरम्यान काही राज्यांनी आपापल्या किरणोत्सर्ग-नियंत्रण विभागांमार्फत नियम केले, काहींनी काहीच केले नाही. 1991 पासून वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात मॅमोग्राफीचा समावेश झाला आणि त्याच्या अटी आणखी वेगळ्या निघाल्या. एकाच केंद्राला तीन कसोट्या, आणि शेजारच्या राज्यातल्या केंद्राला एकही नाही, असेही होऊ शकत होते.

27 ऑक्टोबर 1992 रोजी मॅमोग्राफी गुणवत्ता मानके कायद्यावर सही झाली आणि 1 ऑक्टोबर 1994 पासून प्रमाणपत्राशिवाय मॅमोग्राम काढणे बेकायदा ठरले. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालये तेवढी या कायद्याबाहेर ठेवली गेली. अंतरिम नियमांवर काही वर्षे भागवल्यानंतर अंतिम नियम 1997 मध्ये प्रसिद्ध झाले आणि एप्रिल 1999 पासून लागू झाले. चित्रे वाचणाऱ्या डॉक्टरने 24 महिन्यांत 960 तपासण्या वाचलेल्या हव्यात, फँटमवर एका चित्रासाठीची मात्रा 3 मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) वर जाता कामा नये, भौतिकतज्ज्ञाने दरवर्षी यंत्र तपासायचे, ही चौकट तेव्हाची आहे.

आता शब्दांचा गुंता. हा गुंता सुटल्याशिवाय चार राज्यांचा वाद समजत नाही. या व्यवस्थेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मान्यता’ म्हणजे चित्रे आणि यंत्र पारखून दिलेला होकार. तो मान्यता देणारी संस्था देते. ‘प्रमाणपत्र’ म्हणजे केंद्र चालवण्याचा कायदेशीर परवाना. तो मान्यतेच्या आधारावर सरकार देते. तिसरी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा निरीक्षक केंद्रात येऊन नोंदी आणि यंत्रे बघतो ती. मराठीत तिलाही आपण ‘तपासणी’ म्हणतो आणि स्त्रीची होते तिलाही तपासणीच म्हणतो, म्हणून इथे तिला ‘निरीक्षण’ म्हणू. बातम्यांमध्ये ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘प्रमाणित’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. मान्यता मिळाली म्हणजे परवाना हातात आला असे होत नाही, आणि परवाना असला म्हणजे यंदाच्या निरीक्षणात दोष निघालाच नाही असेही नाही.

पहिल्यापासून निरीक्षण बहुतांशी राज्यांचेच कर्मचारी करत, संघीय यंत्रणेशी केलेल्या कराराने. म्हणजे केंद्राच्या दारात उभा राहणारा माणूस राज्याचा, कागदावरची सही मात्र संघीय. मग सहीसुद्धा राज्यानेच का करू नये? 1992 च्या कायद्यातच ही वाट मोकळी ठेवलेली होती. 1998 मध्ये आयोवा आणि इलिनॉय यांच्यासह प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. फेब्रुवारी 2002 मध्ये नियम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लागू झाला. साउथ कॅरोलायना आणि टेक्सास नंतर आले.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वजनदार होते. राज्याच्या विभागाला तिथली केंद्रे ठाऊक असतात, एक्स-रे यंत्रांची नोंदणी त्याच्याकडेच असते, दोष सापडला तर पाठपुरावा लवकर होतो. राज्याला संघीय मानकांहून कडक नियमही करता येतात. विरोधकांना भीती वाटत होती ती पुन्हा ठिगळे पडण्याची. जो विस्कळितपणा मोडायला कायदा आणला, तोच मागच्या दाराने परत यायचा.

माझ्या मते खरी अडचण तिसरीच होती आणि तिच्यावर पुरेशी चर्चा झाली नाही. आयोवा आणि टेक्सास या राज्यांनी मान्यता देणाऱ्या संस्थेचे कामही केले. म्हणजे चित्रे पारखणारे, परवाना देणारे आणि निरीक्षण करणारे, तिघेही एकाच राज्य सरकारचे. स्वतःच मान्यता दिलेल्या केंद्रात आपल्याच निरीक्षकाला गंभीर दोष सापडला, तर तो आधीच्या पारखणीतला दोषही ठरतो. हितसंबंधांचा संघर्ष टाळण्याचे उपाय राज्यांनी योजावेत असे नियमात आहे. परंतु ही कामे वेगवेगळ्या घरांत ठेवण्याची सक्ती त्यात नाही, आणि ती असायला हवी होती. संघीय यंत्रणेने मानके ठरवण्याचा, मान्यता-संस्थांवर देखरेखीचा आणि गरज पडल्यास राज्याचा अधिकार काढून घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, एवढा दिलासा आहे. दोन दशकांत चारच राज्ये पुढे आली, यातही नवल नाही. करारावर निरीक्षण करून मोबदला मिळत असताना स्वतंत्र कायदा, मनुष्यबळ आणि जबाबदारी अंगावर घ्यायला राज्याला मोठेच कारण लागते.

तंत्र बदलले तेव्हा हा गुंता आणखी वाढला. जानेवारी 2000 मध्ये पहिल्या डिजिटल यंत्राला विक्रीची परवानगी मिळाली, तेव्हा त्याला मान्यता देण्याची पद्धतच मान्यता-संस्थांकडे तयार नव्हती. म्हणून केंद्राच्या जुन्या प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून काम चालवावे लागले. 2011 मध्ये त्रिमितीय यंत्रे आली तेव्हाही तसेच झाले. मान्यता आधी आणि परवाना नंतर हा कायद्यातला क्रम दोनदा बाजूला ठेवावा लागला.

स्त्रियांच्या हाती काय पडते, ही बाजू मात्र सावकाश सुधारली. 1998 च्या दुरुस्तीने प्रत्येक स्त्रीला 30 दिवसांच्या आत साध्या भाषेत लेखी निष्कर्ष कळवणे बंधनकारक झाले. चित्रांचे वाचन किती अचूक होते याचा वार्षिक लेखाजोखा केंद्राने ठेवायचा असतो, पण त्यात अमुक इतके तरी अचूक असावे अशी किमान पातळी नाही. 2005 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने हा लेखाजोखा बळकट करण्याच्या शिफारशी केल्या, तरी उत्तीर्ण-अनुत्तीर्णची रेषा काही आली नाही. यंत्राला आकडा लावला, नजरेला लावला नाही.

स्तनाच्या दाटपणाबद्दल राज्येच पुढे गेली. दाट ऊतींमध्ये गाठ लपते, हे स्त्रीला सांगण्याची सक्ती कनेक्टिकटने 2009 मध्ये केली आणि पुढे तीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे केले. त्यांचे शब्द वेगवेगळे होते आणि काही तर वाचून काहीच कळू नये असे होते. मार्च 2023 च्या संघीय नियमाने मजकूर एकसारखा केला आणि तो 10 सप्टेंबर 2024 पासून लागू झाला. त्याच नियमात आणखी दोन तरतुदी आहेत. लागोपाठ तीनदा मान्यता नाकारली गेलेल्या केंद्राचा अर्ज एक वर्ष कोणतीही मान्यता-संस्था घेणार नाही. आणि एखाद्या केंद्राची चित्रे धोकादायकरीत्या सदोष निघाली, पण रुग्णांना कळवायला ते केंद्र तयार नसेल किंवा असमर्थ असेल, तर प्रमाणपत्र देणारी यंत्रणा त्या स्त्रियांना स्वतः कळवू शकते. त्या चार राज्यांत हे काम राज्याच्या विभागाला करता येते.