गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज: सेवा सारखी, गाव वेगळं

ग्रामस्वच्छतेच्या कार्यक्रमात एखादा वक्ता गाडगेबाबांच्या नावावर तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ खपवतो आणि समोरच्या कुणाला काही खटकत नाही. गोंधळ व्हायला कारणंही आहेत. दोघेही अमरावती जिल्ह्याचे. दोघांनी झाडू हातात घ्यायला लावला, दारू आणि पशुबळी सोडायला सांगितलं, जातीवर बोट ठेवलं. फोटो ओळखणं त्या मानाने सोपं: चिंध्यांचा अंगरखा आणि गाडग्याची खापरी असेल तर गाडगेबाबा, भगवा वेष आणि हातात खंजिरी असेल तर तुकडोजी महाराज.

वयात तेहतीस वर्षांचं अंतर. गाडगेबाबा, म्हणजे शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 1876, परीट कुटुंबातले, निरक्षर. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे तुकडोजी, जन्म 1909. त्यांना आडकोजी महाराज हे गुरू होते, 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि गुरुदेव सेवा मंडळाचं जाळं विणलं. गाडगेबाबांचं उलट. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, असं ते सांगत आणि पाया पडू देत नसत. (आज त्यांच्या पुतळ्यापुढे लोटांगण घालणाऱ्यांना हे सांगायची सोय नाही.)

पण गुरू आणि आश्रम हा वरवरचा फरक झाला. माझ्या मते खरा फरक ‘गाव’ या गोष्टीकडे बघण्याचा आहे.

गाडगेबाबा गावात येत, दिवसभर झाडत, रात्री कीर्तन करत आणि पुढच्या गावाला निघून जात. कीर्तनात उपदेश कमी, प्रश्न जास्त. श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं. तुकोबांचं ‘तीर्थी धोंडा पाणी’ त्यांच्या फार कामाला येई. कर्ज काढू नका, हे ते कळवळून सांगत, कारण दापुऱ्याला मामाकडे वाढताना सावकारी त्यांनी जवळून पाहिली होती. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हे तर त्यांचं पाठ झालेलं सांगणं. मात्र मिळालेल्या देणग्यांतून त्यांनी जे बांधलं ते बहुतेक गावाबाहेर, तीर्थक्षेत्री: पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. गावातून निघालेल्या गरिबाला परमुलखात पाठ टेकायला जागा हवी, हा त्यामागचा हिशेब. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र कुणी आत घेत नव्हतं त्यांच्यासाठी होती. 1949 मध्ये ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंचा निवारा शिक्षणाच्या कामी आला. सेवा कुठे संपते आणि न्याय कुठे सुरू होतो, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण आठवत नाही.

तुकडोजींनी गावालाच देव मानलं. ग्रामगीता त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केली. 41 अध्याय, आणि त्यांत आरोग्य, शिक्षण, श्रम, स्त्रियांची उन्नती, यात्रा-मेळे, गरिबी-श्रीमंती, सगळं. ‘गावागावासी जागवा, भेदभाव हा समूळ मिटवा’ ही त्यांची ओवी विदर्भात शाळकरी पोरालाही येते. त्यांच्या लेखी माणसाने गाव सोडायचं नाही, गावच बदलायचं: सामुदायिक प्रार्थना, श्रमदान, एकत्र बसून निर्णय. आणि हे नुसतं भजनापुरतं राहिलं नाही. 1942 च्या आंदोलनात चिमूर-आष्टीचा भाग पेटला तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना पकडून तुरुंगात ठेवलं, कारण खंजिरीवरची भजनं सत्तेला झोंबत होती. गाडगेबाबा अशा राजकीय वाटेला गेले नाहीत. तुकडोजी पुढे भारत साधू समाजाचे अध्यक्ष झाले, भूदानातही उतरले.

इथे एक अडचण आहे आणि ती तुकडोजींच्या भक्तांना फारशी रुचत नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गाव म्हणजे संकुचितपणाची आणि जातीयतेची गुहा, अशा अर्थाचं बोलून दाखवलं होतं. ज्याला तुकडोजी देवता म्हणत होते तेच हे गाव. ग्रामगीतेचा भरवसा असा की समज दिली, प्रार्थनेला सगळे एका ओळीत बसले, तर धनवानही आपणहून वाटून घेईल. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण ज्याला पाणवठ्यावरून हाकललं त्याने मन पालटायची वाट किती पिढ्या पाहायची? गाडगेबाबांनी या प्रश्नावर भाषण केलं नाही, इमारत देऊन टाकली. याचा अर्थ तुकडोजी भाबडे होते असा नाही. गाव चालवायचं कसं, याचा एवढा तपशील गाडगेबाबांकडे मिळणार नाही, आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्याला तोच लागतो.

गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 ला गेले, बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे. तुकडोजी 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीतच गेले. अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव मिळालं, नागपूर विद्यापीठाला तुकडोजींचं. पदवीधरांतही कुणाचं कुठलं, याची गफलत मी ऐकली आहे.