मद्यपी चालकाचे परवाना-निलंबन (अमेरिका)

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झालेल्या चालकाचा परवाना, फौजदारी खटल्याच्या निकालासाठी न थांबता, राज्याच्या मोटार वाहन विभागाने ठरावीक काळासाठी काढून घेण्याची अमेरिकेतील व्यवस्था. न्यायालय शिक्षेचा भाग म्हणून परवाना निलंबित करते ते वेगळे. हे निलंबन प्रशासकीय असते. १९७६ मध्ये मिनेसोटाने ही पद्धत प्रथम आणली. आज ती बहुतेक राज्यांत आहे, मात्र मुदती आणि तपशील प्रत्येक राज्याचे आपले आपले.

एकाच अटकेतून अशी दोन प्रकरणे उभी राहतात. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तुरुंगवासाची टांगती तलवार असते, म्हणून चालकाचे सारे लक्ष तिकडे लागलेले असते. परवाना मात्र दुसरीकडेच जातो, आणि तोही पुष्कळदा केवळ तारीख चुकल्यामुळे. कॅलिफोर्नियात पोलीस परवाना ताब्यात घेऊन हातात एक गुलाबी कागद देतात. तो ३० दिवसांचा तात्पुरता परवानाही असतो आणि निलंबनाची नोटीसही. सुनावणी हवी असेल तर १० दिवसांच्या आत मागावी लागते. टेक्ससमध्ये हीच मुदत १५ दिवसांची आहे. मागणी केली नाही तर निलंबन आपोआप लागू होते.

सुनावणीतले प्रश्न मोजकेच: पोलिसांना संशयाला पुरेसे कारण होते का, अटक कायदेशीर होती का, रक्तातील अल्कोहोल मर्यादेपेक्षा जास्त होते का. ही मर्यादा सर्वसाधारणपणे ०.०८ टक्के, यूटामध्ये २०१८च्या अखेरीपासून ०.०५ टक्के. पुराव्याचे पारडे थोडे जरी विभागाकडे झुकले तरी पुरते. कॅलिफोर्नियात तर विभागाची बाजू मांडणारा आणि निर्णय देणारा अधिकारी कित्येक वर्षे एकच असे. २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ही रीत घटनाबाह्य ठरवली. ती तोवर टिकली, हेच नवल.

चाचणीला नकार देऊन सुटका होत नाही. रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने कायदेशीर अटकेनंतरच्या चाचणीला आधीच होकार दिला आहे असे कायदा मानतो. ‘गर्भित संमती’चे हे तत्त्व न्यूयॉर्कने १९५३ मध्ये प्रथम कायद्यात आणले. त्यामुळे नकाराचे निलंबन चाचणीत सापडल्यापेक्षा सहसा लांबते: पहिल्या प्रसंगी कॅलिफोर्नियात चार महिन्यांऐवजी एक वर्ष, टेक्ससमध्ये ९० ऐवजी १८० दिवस. बर्चफील्ड खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटशिवाय रक्त देण्यास नकार दिल्याबद्दल फौजदारी शिक्षा करता येणार नाही असे म्हटले, पण परवान्यावरील कारवाईला हात लावला नाही.

दोष ठरण्याआधी परवाना काढून घेणे न्याय्य आहे का, हा वाद जुना. बेल विरुद्ध बर्सन (१९७१) हा खटला मद्यपानाचा नव्हता. गाडीचा विमा नसलेल्या एका पाद्र्याचा अपघातानंतरचा परवाना-वाद होता. पोटापाण्यासाठी परवाना लागतो, तेव्हा योग्य प्रक्रियेशिवाय तो काढून घेता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे मॅकी विरुद्ध माँट्रिम (१९७९) खटल्यात मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी मॅसॅच्युसेट्सचा कायदा टिकला: चाचणी नाकारणाऱ्याचा परवाना आधी घेतला आणि सुनावणी लगेच नंतर दिली तरी चालेल. आजची सारी व्यवस्था त्या एका मताच्या फरकावर उभी आहे.

खटल्यातून सुटलो म्हणजे परवाना परत, हा समज अर्धाच खरा. कॅलिफोर्नियात संबंधित आरोपातून निर्दोष मुक्तता झाली तर निलंबन उठते; खटला नुसता काढून टाकला गेला तर उठतेच असे नाही. अटक बेकायदा म्हणून फौजदारी न्यायालयाने पुरावा नाकारला, तरी विभाग त्याच प्रश्नावर स्वतःचा निर्णय देऊ शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले.

अनेक राज्ये कामावर किंवा उपचारांना जाण्यापुरता मर्यादित परवाना देतात. पुष्कळदा त्यासाठी गाडीत इंटरलॉक बसवावे लागते. या यंत्रात फुंकल्यावर श्वासात दारू आढळली तर इंजिन सुरूच होत नाही. दोषी ठरलेल्या प्रत्येकाला, पहिल्याच गुन्ह्यापासून, ते सक्तीचे करणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको (२००५). ट्रक-बसचालकांना मात्र अशी सवलत नाही. व्यावसायिक वाहनासाठी मर्यादा ०.०४ टक्के आहे. आणि स्वतःच्या खासगी गाडीत दारू पिऊन चालवल्याबद्दल दोषी ठरले तरी व्यावसायिक परवाना एका वर्षासाठी जातो, दुसऱ्यांदा जन्मभरासाठी.