ओठावरची शिवण

नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या मधोमध बोट टेकवले तर एक उथळ पन्हळ लागते आणि तिच्या दोन्ही कडांना बारीक उंचवटे जाणवतात. जिभेचे टोक टाळूवरून मागे नेले तर मध्यरेषेवर एक कणाही लागतो. (डोक्यावर तेल घालून भरतात ती टाळू नव्हे, तोंडाच्या आतली.) चेहरा तुकड्यातुकड्यांनी वाढून सांधला जातो, आणि या त्या सांध्यांच्या खुणा आहेत. जगभरात साधारणपणे दर ७०० जन्मांमागे एका बाळाच्या बाबतीत यांपैकी एखादा सांधा जुळायचा राहतो आणि बाळ दुभंगलेला ओठ, फाटलेली टाळू किंवा दोन्ही घेऊन जन्माला येते.

असे का झाले, याचे कोकणातल्या बऱ्याच घरांत उत्तर ठरलेले असते : आईने ग्रहणात काहीतरी चिरले. म्हणून गर्भवतीला ग्रहणकाळात विळीवर, मालवणी मुलखात आडाळ्यावर, बसू देत नाहीत. मात्र वरचा ओठ गर्भधारणेपासून सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधून होतो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. डोहाळजेवण झालेल्या ज्या सुनेला ग्रहणात खोलीबाहेर येऊ देत नाहीत, तिच्या बाळाचा ओठ चार-पाच महिन्यांपूर्वीच जुळलेला असतो, किंवा जुळायचा राहिलेला असतो. समजुतीपेक्षा मला तिच्या परिणामाचे जास्त वाईट वाटते, कारण जे आईच्या हातात नव्हतेच त्याचा दोष जन्मभर तिच्या माथी बसतो.

चौथ्या आठवड्यात गर्भाच्या तोंडाच्या जागी एक खळगा आणि त्याभोवती पाच फुगवटे असतात : वर कपाळाकडचा एक, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे दोन आणि खाली खालच्या जबड्याचे दोन. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात तिच्या कडेवरून निघून इथवर चालत आलेल्या पेशी त्यांत भरलेल्या असतात. खालचे दोन फुगवटे लवकर जुळतात, म्हणून खालचा ओठ दुभंगलेला क्वचितच आढळतो. वरच्या ओठाचा मधला भाग नाकाकडून खाली येतो आणि बाजूचे भाग जबड्याकडून येतात. सांधे त्यामुळे मध्यावर न पडता दोन्ही नाकपुड्यांखाली पडतात, आणि फटही बहुधा तिथेच, उजवीपेक्षा डावीकडे अधिक वेळा, राहते.

टाळूचे काम याहून अवघड असते. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जबडा लांबतो, जीभ खाली सरकते, तेव्हा ते वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मध्यावर भेटतात. खालचा जबडाच आखूड राहिला तर जीभ वाटेतून हटत नाही आणि पडदे मिटत नाहीत. बारीक हनुवटी, मागे पडणारी जीभ आणि इंग्रजी यू अक्षरासारखी उघडी टाळू असे त्रिकूट घेऊन येणाऱ्या बाळांमध्ये मूळ दोष जबड्याचा असतो, टाळूचा नव्हे.

पडदे भेटले म्हणजे काम झाले असेही नाही. होडीच्या फळ्या शेजारी-शेजारी बसवल्या तरी मधली फट बुजवावी लागते; इथे उलट मधले काहीतरी नाहीसे व्हावे लागते. दोन्ही कडांवर असलेले पेशींचे पातळ अस्तर विरले, तरच आतले मांस एकजीव होते. हे विरणे घडवणाऱ्या संकेतांत टीजीएफ-बीटा ३ या प्रथिनाचा वाटा मोठा आहे. अस्तराने योग्य वेळी पक्व व्हावे आणि भलत्या जागी चिकटू नये, याची काळजी आयआरएफ ६ हे जनुक घेते. त्यात बिघाड झाल्यास व्हॅन डर वूड नावाचा विकार होतो. तो एकूण दुभंगांपैकी सुमारे २ टक्के रुग्णांत दिसतो, पण घरच्यांच्या नजरेतून सहज सुटू शकतो, कारण बिघाड वाहणाऱ्या बापाच्या किंवा आईच्या खालच्या ओठावर कधी कधी फक्त दोन खड्डे असतात आणि बाकी सारे ठीक असते. अशा घरात प्रत्येक अपत्याकडे तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी असते.

बहुतेक दुभंगांत मात्र एकच जनुक गुन्हेगार नसते. एकरूप जुळ्यांपैकी एकाला दुभंग असेल तर दुसऱ्यालाही तो साधारण निम्म्या वेळाच असतो, म्हणजे जनुकांखेरीज आणखीही काही घडते. गर्भारपणातले धूम्रपान आणि फेफऱ्यावरची काही औषधे यांनी धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या बाईच्या रक्तातही निकोटिन उतरतेच. फेफऱ्याचे औषध स्वतःहून बंद करणे मात्र घातक आहे, गर्भधारणेआधीच डॉक्टरांकडून ते बदलून घ्यावे. फॉलिक आम्लाने मज्जारज्जूचे दोष टळतात हे पक्के आहे. ओठ-टाळूबाबतचा पुरावा तेवढा ठाम नाही, तरी गोळ्या घ्याव्यातच. आते-मामे भावंडांमध्ये सरासरी १२.५ टक्के जनुके सामाईक असतात, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत दोन्हीकडून एकच दडलेला दोष येण्याची शक्यता वाढते. आईबाप दोघेही धडधाकट असून पहिल्या बाळाला दुभंग असेल, तर पुढच्याला तो होण्याची शक्यता साधारण ४ टक्के असते.

टाळू उघडी असलेल्या बाळाला चोखता येत नाही, कारण तोंडात निर्वात पोकळी धरत नाही आणि दूध नाकावाटे बाहेर येते. जुन्या घरांतले बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, इथे खरोखर उपयोगी पडते : स्वच्छ उकळलेले बोंडले, बाळ जवळजवळ बसते धरलेले आणि दूध थोडे-थोडे. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात, म्हणून या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येते; कान तपासून घेणे टाळू नये. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळूची बहुधा नवव्या ते अठराव्या महिन्यात करतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे, त्यामुळे उपचार मोफत होऊ शकतात. गावच्या आशाताईंकडे चौकशी करावी.

टाळूच्या शस्त्रक्रियेची घाई बोलण्यासाठी असते. 'ब' म्हणताना ओठ मिटतात आणि टाळूचा मागचा भाग नाकाची वाट बंद करतो. ती वाट उघडी राहिली की हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म' होतो. उघड्या टाळूचे मूल 'बाबा' म्हणू पाहते आणि घरच्यांना 'मामा' ऐकू येते. टाळू शिवल्यानंतरही ही सवय काही मुलांत टिकून राहते, तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञाकडे काही महिने बसून 'प' आणि 'ब' नव्याने शिकावे लागतात.