कोंबड्या ठणठणीत, म्हणून टर्कीही सुरक्षित?

परसात टर्की पाळायची म्हटली की एक सल्ला हमखास मिळतो: ‘कोंबड्या धडधाकट आहेत ना? मग सोडा सगळी एकत्र.’ टर्की पाळणाऱ्यांचं याच समजामुळे मोठं नुकसान होतं.

टर्कीचा घात करणाऱ्या रोगाला ‘ब्लॅकहेड’ म्हणतात. त्याचा सूक्ष्म परजीवी शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी अमेरिकेत १८९५ साली वर्णिला. १९२० मध्ये त्याचा वाहकही सापडला: कोंबडीच्या आंधळ्या (एका टोकाला बंद) आतड्यातला बारीक जंत. उघड्यावर हा परजीवी काही तासांत मरतो, पण जंताच्या अंड्यात शिरला की मातीत वर्षानुवर्षं तग धरतो. ती अंडी गांडुळं गिळतात, गांडुळं टर्की टिपते. कोंबडीला बहुतेकदा काहीच होत नाही. म्हणजे तिची तब्येत बघून काही कळतच नाही!

नावावर जाऊन डोकं काळं पडायची वाट बघू नका, कित्येकदा ते पडतच नाही. सकाळी खुराड्यात विष्ठा बघा. गंधकासारखी पिवळी दिसली आणि पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात उभं असलं, तर त्याला लगेच वेगळं करून पशुवैद्य गाठा. एकदा शिरला की हा रोग टर्कीकडून टर्कीकडे थेट पसरतो, मधे जंत लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: टर्कीला वेगळं खुराडं आणि कोंबड्या कधी न फिरलेली जमीन द्या. कोंबड्यांना जंताचं औषध वेळेवर दिल्याने धोका घटतो, पण आधीच दूषित झालेली माती त्याने शुद्ध होत नाही.